होडीवरचा फोन आणि टॅबलेट: कोणती ॲप्स घ्यायची, आणि निघण्याआधी ती कशी तपासायची

फोनमध्ये नौकानयनाची वीस ॲप्स भरायची आणि त्यातलं एकही नीट लावलेलं नसायचं, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. छोट्या होडीला खरं तर चार पुरतात: नकाशाचं, हवामानाचं, भरती-ओहोटीचं आणि नांगराच्या गजराचं. ती कोणत्या कंपनीची आहेत हा प्रश्न नंतरचा. नेटवर्क नसताना, भर उन्हात, ओल्या हातांनी ती चालतात का, हे आधी पाहायचं. खाली ॲप्सची नावं आहेतच, पण जास्त जागा सेटिंग्जना आणि तपासणीला दिली आहे, कारण बहुतेक घोटाळे तिथे होतात.

आधी हातातलं यंत्र

टॅबलेट घेताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फक्त वाय-फायवालं आयपॅड घेणं. त्यात जीपीएस नसतं. सिमची सोय असलेल्या मॉडेलमध्ये ते असतं, आणि सिम घातलं नाही तरी चालतं. अँड्रॉइड टॅबलेटच्या बाबतीत तपशिलात जीपीएस लिहिलंय का ते पाहूनच पैसे मोजा. आधीच वाय-फायवालं घेऊन बसला असाल तर गार्मिन ग्लो किंवा बॅड एल्फसारखा ब्लूटूथ जीपीएस जोडता येतो.

फोनचं जीपीएस नेटवर्कशिवायही चालतं, पण सुरुवात करायला वेळ घेतं. नेटवर्क असेल तर उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून क्षणात येते. नसेल तर ती थेट उपग्रहाकडून, सेकंदाला ५० बिट अशा मुंगीच्या वेगाने उतरवावी लागते. सगळ्या उपग्रहांचं पंचांग पूर्ण उतरायला १२.५ मिनिटं लागतात. म्हणून धक्का सोडण्याआधी, नेटवर्कमध्ये असतानाच, उघड्या आकाशाखाली नकाशाचं ॲप उघडा आणि स्थान स्थिर होऊ द्या.

ऊन हा फोनचा मोठा शत्रू. आयफोन आणि आयपॅड ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायला बनवलेले आहेत. उन्हातल्या कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत), पडद्याचा उजेड पूर्ण, चार्जिंग चालू आणि वर प्लास्टिकची बंद पिशवी, एवढं जमलं की यंत्र आधी पडदा अंधुक करतं, मग चार्जिंग थांबवतं आणि शेवटी बंद पडतं. नेमकं बंदरात शिरताना. सावली द्या, मागून वारा खेळू द्या, आणि तापलं की चार्जरची पिन काढा. तापलेला फोन बर्फाच्या पेटीत ठेवू नका. आत बाष्प धरतं.

जलरोधकतेचा दर्जा गोड्या पाण्यावर ठरतो, खाऱ्यावर नाही. चार्जिंगच्या भोकात खारं पाणी गेलं आणि तसंच चार्ज केलं, तर पिना गंजतात. पूर्ण सुकल्यावरच पिन लावा. शिवाय ओल्या पडद्याला बोट कळत नाही. पाण्याचे थेंब स्वतःच नकाशा सरकवतात. टच लॉकची सोय असलेलं ॲप निवडा किंवा पडदा पुसायला सुका कपडा हाताशी ठेवा.

तीन गोष्टी फार कमी जण तपासतात. पहिली: १२ व्होल्टवर चालणारे स्वस्त यूएसबी चार्जर व्हीएचएफ रेडिओत (होड्यांनी एकमेकांशी बोलायच्या बिनतारी संचात) खरखर सोडतात. रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे रिकामी खरखर दाबणारं बटण, आवाज जेमतेम थांबेल इतका लावा आणि चार्जरमध्ये फोन जोडा. खरखर सुरू झाली तर तो चार्जर होडीवर नको. दूरची हाक त्याच खरखरीत बुडते. दुसरी: फोन आणि विशेषतः चुंबकाचे स्टँड होडीच्या होकायंत्राला ओढतात. फोन हातात धरून होकायंत्राजवळ न्या, तबकडी कुठल्या अंतरावर हलू लागते ते पाहा आणि स्टँड त्याच्या बराच पलीकडे बसवा. तिसरी: पोलराइज्ड गॉगल घालून पडदा उभा आणि आडवा धरून पाहा. काही पडदे एका बाजूने चक्क काळे दिसतात.

नकाशा

नॅव्हिऑनिक्स बोटिंग हे सर्वाधिक वापरलं जाणारं. ही कंपनी २०१७ पासून गार्मिनची आहे. अ‍ॅक्वा मॅप, सॅव्ही नॅव्ही आणि आयनॅव्हएक्स हे पर्याय चांगले आहेत. ओपनसीपीएन संगणकावर फुकट आहे, अँड्रॉइडवरही मिळतं, आणि सरकारी एस-५७ प्रकारचे इलेक्ट्रॉनिक नकाशे थेट वाचतं. अमेरिकेची नोआ ही संस्था आपल्या पाण्याचे असे नकाशे मोफत देते. सोपेपणा हवा असेल तर नॅव्हिऑनिक्स घ्या. खोलात शिरायची तयारी असेल तर ओपनसीपीएन. शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांचे नकाशे दोन यंत्रांवर ठेवा, कारण एकाच नकाशातली चूक दोन यंत्रांवर दोनदाच दिसते.

ॲप बसवल्यावर पुढचं घरी, टेबलाशी बसून करा. ज्या भागात जायचं तो नकाशा डाउनलोड करा, आणि वाऱ्याने वाट बदलावी लागली तर गाठता येतील अशी आजूबाजूची बंदरंही घ्या. ॲपमध्ये लॉगिन करा, वर्गणीची मुदत पाहा. मग फोन फ्लाइट मोडमध्ये टाका, वाय-फायही बंद करा आणि ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. प्रत्येक बंदराच्या तोंडाशी शेवटच्या टोकापर्यंत झूम करा. खोलीचे आकडे, बोया, दिवे दिसले तर नकाशा खरोखर फोनमध्ये आहे. राखाडी चौकोन किंवा अस्पष्ट किनारा दिसला तर तो फक्त इंटरनेटवरून दिसत होता. ही तपासणी समुद्रात सुचणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

आता झूमबद्दल, कारण याने माणसं आणि होड्या धोक्यात आल्या आहेत. व्हेक्टर नकाशा (साठवलेल्या माहितीवरून पडद्यावर दर वेळी नव्याने काढला जाणारा) झूम कमी केला की तपशील लपवतो, नाहीतर पडदा आकड्यांनी भरून जाईल. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्व्हो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंड ही होडी अंधार पडल्यावर हिंदी महासागरातल्या कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळखडकांवर चढली. होडीवरचे नऊही जण वाचले. साधनं उत्तम होती, स्वतःची जागाही ठाऊक होती. पण नकाशा ज्या झूमवर पाहिला गेला त्यावर खडकांचा धोका ठळक दिसतच नव्हता. म्हणून मार्ग आखल्यावर प्रत्येक टप्पा असा तपासा: खोलीचे सुटे आकडे दिसू लागेपर्यंत झूम करा, आणि टप्प्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत रेघेवरून बोटाने नकाशा सरकवत जा. रेघेच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा सागरी मैल नजर टाका. ५० मैलांच्या मार्गाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं लागतात.

उलट बाजूनेही फसायला होतं. कितीही झूम केलं तरी मूळ मोजणीपेक्षा नकाशा अचूक होत नाही. उघड्यावर फोनचं स्थान साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. पण त्याखालचा नकाशा कोणत्या दर्जाच्या मोजणीवरून काढला, हे झेडओसी या वर्गवारीत दिलेलं असतं. ए१ वर्गात जागेची चूक ±५ मीटर, ए२ मध्ये ±२०, बी मध्ये ±५० आणि सी मध्ये ±५०० मीटरपर्यंत असू शकते. सी वर्गाच्या पाण्यात पडद्यावरचा खडक आणि खरा खडक यांच्यात अर्धा किलोमीटर असू शकतो. अशा ठिकाणी पडद्यावर होडी खडकापासून १०० मीटरवर दिसते म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

सेटिंग्जमध्ये खोलीचं एकक सर्वांत आधी पाहा. मीटर, फूट आणि फॅदम तिन्ही असतात. १ फॅदम म्हणजे १.८३ मीटर. मग होडीचा ड्राफ्ट, म्हणजे होडी पाण्याखाली किती बुडते ते, भरा आणि सुरक्षित खोली ठरवा. ड्राफ्ट १.८ मीटर असेल तर लाटांसाठी आणि नकाशाच्या चुकीसाठी निदान १ मीटर धरून ३ मीटर ठेवा. इथे एक खोच आहे: नकाशात ३ मीटरची समखोली रेषाच नसेल, तर सरकारी इलेक्ट्रॉनिक नकाशा दाखवणारी प्रणाली तिच्यापुढची खोल रेषा धरते, म्हणजे ५ मीटरची. मग चालण्यासारखं पाणीही धोक्याच्या रंगात दिसतं. घाबरू नका, सुटे आकडे वाचा.

अक्षांश-रेखांशाची पद्धतही निश्चित करा. समुद्रावर अंश आणि दशांश मिनिटं चालतात. ३०.५० मिनिटं आणि ३० मिनिटं ५० सेकंद हे रेडिओवर ऐकायला सारखेच, पण अक्षांशात त्यांच्यात २० सेकंदांचा, म्हणजे सुमारे ६१७ मीटरचा फरक पडतो. मदतीला येणारी होडी रात्री तेवढ्या अंतरावरून निघून जाऊ शकते.

आपोआप मार्ग आखून देणारी सोय आहे तिथे ती मसुद्यासारखी वापरा. ॲपला ड्राफ्ट आणि डोलकाठीची उंची तुम्ही भरली तेवढीच माहीत असते. पुलाखालची उंची, मासेमारीची जाळी, आज उठलेल्या लाटा यांचा विचार तुम्हीच करायचा. प्रवासात नकाशावर होडीच्या पुढे दिसणारी दिशारेषा ६ मिनिटांवर लावा: ६ मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, त्यामुळे ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल) वेगाला रेषा अर्धा मैल लांब दिसते आणि हिशेब डोक्यात होतो. ही रेषा होडीचं तोंड कुठे आहे ते सांगत नाही, होडी खरोखर कुठे चालली आहे ते सांगते. प्रवाह आडवा असेल तर दोन्हींत मोठा फरक पडतो.

रात्री पडदा लाल किंवा रात्रीच्या रंगात आणि उजेड अगदी खाली. पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिलं की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस मिनिटं तरी घेतात.

हवामान

विंडी, प्रेडिक्टविंड, विंडफाइंडर: चित्रं सुंदर आणि वापरायला सोपी. पण ॲप स्वतः अंदाज करत नाही, ते एखाद्या मॉडेलचा अंदाज रंगवून दाखवतं. म्हणून ॲपचं नाव विसरा आणि कोपऱ्यात मॉडेलचं नाव शोधा. जीएफएस हे अमेरिकेचं, दिवसातून चार वेळा, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ००, ०६, १२ आणि १८ वाजता चालतं. त्याची फाइल बहुधा पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरच्या चौकटीत मिळते. युरोपीय ईसीएमडब्ल्यूएफचं मुख्य मॉडेल ९ किलोमीटरचं. जर्मन हवामानखात्याचं आयकॉन जगभरासाठी १३ किलोमीटरचं. चौकट जेवढी मोठी तेवढा किनारा ढोबळ. भूशिरावर वळताना जोर धरणारा वारा, डोंगराच्या खिंडीतून येणारा झोत, दुपारचा खारा वारा आणि पहाटेचा मतलई वारा हे मोठ्या चौकटीत हरवतात किंवा बोथट होतात.

वापरायची रीत अशी. दोन-तीन मॉडेल्स एकाच जागेसाठी, एकाच वेळेसाठी शेजारी ठेवा. जुळली तर अंदाजाला आधार आहे. वाऱ्यात ५ नॉटपेक्षा जास्त किंवा वारा फिरण्याच्या वेळेत सहा तासांपेक्षा जास्त फरक असेल, तर त्यातला वाईट अंदाज धरून बेत करा. दाखवलेला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा सरासरी वारा असतो. झोत त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकतात, म्हणून झोतांचा स्तर वेगळा उघडून पाहा. लाटांची उंची म्हणजे सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. २ मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून ४ मीटरच्या आसपासची लाट येऊ शकते, हे गृहीत धरा. वेळ यूटीसी आहे की स्थानिक, हे दर वेळी पाहा. वादळी ढगांचे झोत यांतल्या कशातच नीट दिसत नाहीत. त्यासाठी पावसाचं रडार, विजांचा स्तर आणि डोळ्यांसमोरचं आकाश.

लांबच्या प्रवासाला ग्रिब फाइल (मॉडेलच्या अंदाजाची आटोपशीर फाइल) आधी उतरवून घ्या. लकग्रिब ॲपलच्या यंत्रांवर छान चालतं. क्यूटीव्हीएलएम फुकट आहे आणि वाऱ्यानुसार मार्गही काढतं, मात्र त्याला होडीच्या वेगाचा तक्ता लागतो. कारखान्याचा तक्ता स्वच्छ बुडाच्या, रिकाम्या, नव्या शिडांच्या होडीचा असतो. तो ८५ टक्क्यांवर आणून सुरुवात करा. आणि तुमच्या पाण्यासाठी राष्ट्रीय हवामानखात्याने इशारा दिला असेल तर त्यापुढे कुठल्याही ॲपचा रंगीत नकाशा ग्राह्य धरू नका.

भरती-ओहोटी

टाइड्स निअर मी, आयटाइड्स यांसारखी ॲप्स खगोलीय गणितावर चालतात. त्यात वारा आणि हवेचा दाब नसतो. दाब १ हेक्टोपास्कलने घटला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं. ९९० हेक्टोपास्कलला नेहमीच्या १०१३ पेक्षा सुमारे २३ सेंटिमीटर जास्त, आणि दाब चढलेला असेल तर तेवढंच कमी. उथळ वाळूच्या दांड्यावरून जाताना हे कमी पाणीच घात करतं. दुसरी अडचण शून्याची: नकाशाची खोली आणि ॲपची भरती एकाच शून्यापासून मोजलेली आहे का, ते बघा. काही ठिकाणी सर्वांत नीच खगोलीय ओहोटी धरतात, काही ठिकाणी नीच ओहोटींची सरासरी.

मधल्या वेळेचं पाणी काढायला बाराव्या हिश्श्याचा नियम: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से चढतं. भरतीची एकूण उंची २.४ मीटर असेल तर एक हिस्सा २० सेंटिमीटर, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात दर तासाला ६० सेंटिमीटर. जिथे भरतीचा आलेख वेडावाकडा असतो तिथे हा नियम सोडा, ॲपचा आलेख वाचा.

नांगराचा गजर

या एका ॲपवर माणूस झोप सोपवतो, म्हणून ते सर्वांत काळजीने लावायचं. बहुतेक नकाशांच्या ॲप्समध्येही ही सोय असते.

नांगर टाकला, साखळी सोडली, इंजिन मागे घालून नांगर रुतवला, मग कॉकपिटमध्ये बसून बटण दाबलं: ही नेहमीची चूक. वर्तुळाचा मध्य मग नांगरावर न पडता चाळीस मीटर दूर, तुमच्या बसण्याच्या जागेवर पडतो. वारा फिरला की नांगर जागेवर असूनही गजर वाजतो, किंवा नांगर सरकूनही वाजत नाही. बटण दाबायचं ते होडीच्या पुढच्या टोकाला उभं राहून, नांगर तळाला टेकल्या क्षणी. विसरलात तर होडी वाऱ्याला तोंड करून स्थिरावल्यावर नांगराची खूण होडीच्या तोंडाच्या दिशेने हिशेबाच्या अंतरावर सरकवा.

हिशेब असा. साखळी ३० मीटर, पाणी ५ मीटर, पुढचं टोक पाण्यावर १ मीटर. एकूण उभी उंची ६ मीटर. ३० चा वर्ग ९०० वजा ६ चा वर्ग ३६, म्हणजे ८६४. त्याचं वर्गमूळ २९.४. फोन पुढच्या टोकापासून ९ मीटर मागे असेल तर ३८.४. जीपीएसच्या चुकीचे ५ मीटर घालून ४३.४. वर्तुळ ४५ मीटरचं ठेवा. यापेक्षा लहान ठेवलं की रात्री तीनदा खोटा गजर वाजतो, आणि वैतागून तो बंद केला जातो. खरा धोका तिथे सुरू होतो.

मग पडद्यावरची माग, म्हणजे होडी कुठून कुठे गेली त्याची रेघ, पाहा. शाबूत नांगरावर होडी डावी-उजवीकडे झुलते आणि चंद्रकोरीसारखी रेघ काढते. तासाभराने त्याच कोरीवर कोर चढत जाते. नांगर सरकत असेल तर प्रत्येक कोर आधीच्या कोरीपेक्षा वाऱ्याच्या दिशेने थोडी खाली पडते. वर्तुळ ओलांडायच्या आधीच हे दिसतं, म्हणून झोपण्यापूर्वी अर्धा तास तरी ही माग बघून घ्या.

गजर न वाजण्याची कारणं जवळजवळ नेहमी फोनमध्येच सापडतात. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी व्यवस्था मागे चालणारं ॲप गुपचूप मारते. त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये निर्बंधमुक्त करा. दोन्ही प्रकारच्या फोनवर स्थानाची परवानगी “नेहमी” आणि “अचूक” हवी. डू नॉट डिस्टर्ब, ब्लूटूथ स्पीकर आणि आवाजाची पातळी तपासा. फोन चार्जिंगला हवा. फायबरच्या होडीत केबिनमधून जीपीएस मिळतं, धातूच्या होडीत बहुधा नाही. शेवटी चाचणी: पडदा बंद करून, वर्तुळ मुद्दाम ५ मीटरचं करून दहा मिनिटं थांबा. वाजलं तर ४५ वर न्या आणि झोपा.

जहाजं आणि होडीची उपकरणं

मरीनट्रॅफिक आणि व्हेसलफाइंडरवर जहाजाचं नाव, बंदर, आकार पाहायला मजा येते, पण टक्कर टाळायला ती वापरू नका. माहिती किनाऱ्यावरच्या केंद्रांतून इंटरनेटवर येते आणि काही मिनिटं जुनी असू शकते. १८ नॉटने चाललेलं जहाज मिनिटाला ५५६ मीटर कापतं. पाच मिनिटांत पावणेतीन किलोमीटर. शिवाय एआयएस (जहाजाचं नाव आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणारं यंत्र) नसलेल्या मासेमारी होड्या पडद्यावर येतच नाहीत.

होडीवर स्वतःचा एआयएस रिसीव्हर असेल तर गोष्ट वेगळी. तो वाय-फायच्या पेटीतून टॅबलेटला जोडता येतो. पेटीच्या वाय-फायला जोडा, ॲपमध्ये जोडणीचा प्रकार टीसीपी निवडा, पेटीच्या कागदावरचा आयपी पत्ता भरा. पोर्ट बहुधा १०११०. माहिती येत नसेल तर क्रमाने पाहा: या वाय-फायवर इंटरनेट नाही म्हणून फोन आपणहून मोबाइल डेटावर गेला आहे का, एआयएसचा माहिती पाठवण्याचा वेग ३८४०० आणि इतर उपकरणांचा ४८०० असा पेटीत बरोबर लावला आहे का, आणि पेटी एका वेळी किती यंत्रं स्वीकारते. ॲपने स्थान फोनचं घ्यायचं की होडीचं, हेही ठरवून टाका, नाहीतर होडी पडद्यावर दोन जागांमध्ये उड्या मारते.

संकटात

सेफट्रॅक्स प्रवासाचा आराखडा नोंदवतं आणि वेळेवर पोचला नाहीत तर कळवतं. ब्रिटन, जर्मनी आणि दक्षिण आफ्रिकेत बचावसंस्थांशी जोडलेल्या त्याच्या आवृत्त्या आहेत. आयफोन १४ पासून काही देशांत उपग्रहाने मदत मागता येते. आकाश उघडं लागतं आणि पडदा सांगेल तिकडे फोन रोखून धरावा लागतो. दोन्ही ठेवा. पण फोनवरची हाक एकालाच ऐकू जाते, व्हीएचएफच्या चॅनेल १६ वरची आसपासच्या सगळ्या होड्यांना. व्हीएचएफवरचं लाल डीएससी बटण (संकटाचा डिजिटल इशारा देणारं) चॅनेल ७० वर तुमची जागाही पाठवतं, पण रेडिओला जीपीएस जोडलेलं आणि एमएमएसआय (होडीच्या रेडिओचा ओळख) क्रमांक भरलेला असेल तरच. हे दोन्ही निघण्याआधी पाहून घ्या.

पडदा अंधारला तर उपयोगी पडेल ती एक वही. दर तासाला वेळ, अक्षांश, रेखांश, दिशा आणि वेग पेन्सिलने लिहा. पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते. किनाऱ्याजवळ किंवा धुक्यात दर पंधरा मिनिटांनी. वही आणि त्या भागाचा छापील नकाशा सुकाणूवरच्या माणसाच्या हाताला लागेल असा ठेवा.